गौण खनिज

गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरातील एका व्याख्यानमालेत मराठवाड्याच्या प्रेक्षणीय स्थळांवर एक भाषण झाले. वक्ते व्यासंगी, वाणी रसाळ आणि सभागृह भरलेले; तेव्हा भाषण रंगले यात नवल नाही. अजिंठा झाला, वेरूळ झाले, देवगिरी झाला, बीबीचा मकबरा झाला, पैठण झाले. शेवटी वक्त्यांनी आवाज किंचित खाली आणून असे सांगितले की, कोकणाला समुद्र मिळाला, देशाला सह्याद्रीची राने मिळाली, आमच्या वाट्याला निसर्गाने नुसता दगड दिला. परंतु त्या दगडाचे सोने केले ते माणसाच्या छिन्नीने. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही शिष्टाचार म्हणून दोन टाळ्या वाजविल्या. त्या दोन टाळ्या मला अद्याप टोचत आहेत, आणि त्या परत घेण्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे.

‘नुसता दगड’ ही भाषा त्या एका वक्त्यांची नव्हे, ती आपणा सर्वांचीच आहे. मंद बुद्धीच्या विद्यार्थ्याला आम्ही मास्तर लोक दगड म्हणतो. निर्दय माणसाचे काळीज दगडाचे ठरवितो. आणि एखाद्या गावी पाहण्यासारखे काही नसले म्हणजे ‘तेथे काय, दगड-धोंडे!’ असे म्हणून मोकळे होतो. दगडाला शेंदूर फासला की तो देव होतो, छिन्नी लागली की कला होते, सुरुंग लागला की खडी होते. यांपैकी काहीच ज्याच्या वाट्यास आले नाही असा दगड मात्र आमच्या हिशेबातच नाही. माझे म्हणणे त्या बेहिशेबी दगडाविषयी आहे.

मी राहतो ते बजाजनगर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून वसलेले आहे. कारखान्यांच्या भोंग्यांवर घड्याळ लावावे आणि पाण्याच्या टाकीवरून दिशा ओळखावी, असा आमचा संसार. येथून देवगिरी उत्तरेच्या अंगाला आहे. सकाळी निघावे आणि ऊन चढण्याच्या आत पोहोचावे एवढेच अंतर. भाषणानंतरच्या रविवारी मी हमरस्ता सोडला आणि शिवारातून जाणाऱ्या खडीच्या वाटेने निघालो. मोटारसायकल पुतण्याची, मी मागे बसलेला. पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी उखणलेली ती वाट मुरूम आणि खडी टाकून दाबलेली होती; दाबलेली म्हणजे बहुधा कागदावर दाबलेली. दोन कोस जाण्यापूर्वीच माझ्या कमरेने तक्रार मांडली.

“काका, उतरता का थोडं? चाक घसरतंय,” पुतण्या म्हणाला. मी उतरलो आणि चालू लागलो. या लेखात जे काही सांगण्याजोगे आहे ते त्या उतरण्यामुळे सापडले, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

पायाखालची खडी एका जातीची नव्हती. काही खडे घट्ट, निळसर काळे, ताज्या फुटीचे. काही झांज लागलेल्या लोखंडासारखे तपकिरी, आणि त्यांच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखी भोके, त्या भोकांत पांढऱ्या स्फटिकांची दाटी. आणि मधूनच भाजलेल्या विटेसारखा तांबडा तुकडा. खडी एकाच टेकडीची, हे पुढे कळले. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर येऊन पसरला. चित्रातल्याप्रमाणे शिखरातून धूर ओकणारा ज्वालामुखी येथे मनात आणू नये. हा पूर होता, अग्नीचा पूर. एक लोंढा आला, थिजला. त्यावर दुसरा आला. आज उरलेला त्याचा विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो, आणि पश्चिमेस सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. प्रत्येक लोंढ्याच्या पोटात वायूचे बुडबुडे असत. ते वर चढून माथ्याशी अडकत. म्हणून लोंढ्याचा गाभा घट्ट आणि माथा सच्छिद्र. पुढे त्या छिद्रांत ऊन पाणी झिरपले आणि स्फटिक वाढले. हीच आमची गारगोटी, जिचे नमुने परदेशांतील संग्रहालये काचेआड मांडून ठेवतात. एका लोंढ्यानंतर दुसरा येण्यास फार काळ लागला तर मधल्या अवधीत खडकाचा माथा कुजून माती होई, आणि नवा लोंढा येऊन ती माती भाजून काढी. तांबडा तुकडा त्या विश्रांतीचा.

खडकांच्या या रचनेला युरोपीय शास्त्रज्ञांनी ‘ट्रॅप’ हे नाव दिले. त्या नावाचे मूळ स्वीडिश भाषेतील ‘पायरी’ या अर्थाच्या शब्दात आहे, कारण हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. आमच्या गुराख्यांना त्या पायऱ्या ठाऊक होत्याच. त्यांवरूनच ते गुरे वर चढवीत आले.

वाटेच्या उजव्या हाताला एक टेकडी अर्धी कापलेली होती. खाण जुनी, काम त्या दिवशी बंद. कापलेल्या अंगाकडे पाहिले आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. तळाशी घट्ट खडकाचे उभे खांब एकाला एक खेटून उभे होते. कोणी पाच बाजूंचा, कोणी सहा. कोणी जरा कललेला. उंची दोन पुरुषांहून अधिक. काटेकोर होते असे म्हणणार नाही. पण अडाण्यालाही कळावे की यात काही नियम आहे.

येथे माझी एक लाजिरवाणी कबुली. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरील ‘जायंट्स कॉजवे’ या खडकाचे वर्णन मी विद्यार्थी असताना वाचले आणि अध्यापक झाल्यावर वर्गात रंगवून सांगितले: समुद्रात उतरत जाणारे सुमारे 40,000 बहुकोनी खांब, स्कॉटलंडच्या राक्षसाशी झुंजण्यासाठी फिन मॅककूल नावाच्या वीराने बांधलेला सेतू, ही तिथली लोककथा, 1986 साली जागतिक वारसा म्हणून त्याला मिळालेली मान्यता. हे सारे मी सांगत होतो ते ज्या इमारतीत बसून, तिच्या पायाखाली त्याच जातीचा खडक होता. आयर्लंडचा दगड मला इंग्रजीतून दिसला; माझ्या शिवारातला मराठीतून दिसला नाही. आमच्या शिक्षणाविषयी याहून कठोर टीका दुसऱ्या कोणी करण्याची गरज नाही.

या खांबांत गूढ असे काही नाही, आणि म्हणूनच ते अधिक सुंदर आहेत. वैशाखात गावतळे आटले म्हणजे तळाचा गाळ सुकून भेगाळतो आणि त्याच्या बहुकोनी खपल्या पडतात, हे मराठवाड्यातील प्रत्येक पोराने पाहिलेले असते. गाळ पाणी गमावून आकसतो. शिलारस उष्णता गमावून आकसतो. आकसणाऱ्या वस्तूचा ताण कमीत कमी भेगांनी मोकळा व्हावयाचा तर तीन भेगा एका बिंदूत मिळणे सोयीचे, आणि त्यातून षट्कोन निघतो. भेग जसजशी खाली उतरत जाते तसतसा खांब लांबत जातो. अठराव्या शतकात युरोपात यावर मोठा वाद माजला होता. हा काळा खडक समुद्राच्या तळाशी पाण्यातून साचून झाला, असे जर्मनीतील वेर्नरचे अनुयायी हट्टाने सांगत. उलट फ्रान्समधील देमारे याने ओव्हर्न प्रांतात पायपीट करून असेच खांब विझलेल्या ज्वालामुखींच्या प्रवाहांशी जोडून दाखविले. तो वाद ग्रंथालयात मिटला नाही; खडबडीत वाटांनी जाऊन खडकासमोर उभे राहिल्यावर मिटला.

खाणीच्या कडेच्या झोपडीतून एक वृद्ध वडार बाहेर आला. मी कोणी सरकारी मोजणीदार असावा असा त्याचा समज झाला असावा. मी त्या खांबांकडे बोट दाखविले.

“बाबा, हे असे का फुटले?”

“फुटलं न्हाई, साहेब, जन्मालाच तसं आलंया. असल्या दगडाला दारू कमी लागती. पहार घातली की खांबच्या खांब सुटतो.”

त्याला देमारे ठाऊक नव्हता. पण ‘जन्मालाच तसे’ हे उत्तर त्या फ्रेंच पंडिताच्या उत्तराहून फारसे निराळे नाही.

तेथून देवगिरी. तोफा, अंधारीतली वटवाघळे, चांदमिनार, भारतमातेचे मंदिर, हे पाहणारे पाहत होते. मी त्या दिवशी फक्त कडा पाहिला. मैदानावर सुमारे सहाशे फूट उठलेला तो एकाकी सुळका, त्याची खालची अंगे दीडशे फुटांपर्यंत तासून उभी केलेली, पायथ्याशी जिवंत खडकात खोदलेला खंदक. 1187 च्या सुमारास भिल्लम यादवाने येथे राजधानी केली, 1296 साली अल्लाउद्दीन येथे चालून आला, 1327 साली महंमद तुघलकाने दिल्ली येथे आणण्याचा घाट घातला: हे प्रत्येक वाटाड्या सांगतो. परंतु हा सुळका येथे एकटा का उभा राहिला, हे कोणी विचारीत नाही. भोवतालचे पठार लाखो वर्षांच्या पाण्याने झिजून गेले आणि त्याचा एक तुकडा मागे राहिला, तो हा. डोंगराला मैदानापासून तोडण्याचे काम पावसाने केले होते. राजांनी त्याची फक्त शेवटची कड तासली. त्या तासलेल्या कड्यावर थरांवर थर उघडे पडलेले आहेत. किल्ला म्हणून जी वास्तू आपण पाहतो, ती एका अर्थाने शिलारसाच्या इतिहासाचे उघडे ठेवलेले पान आहे.

‘दगडाचे सोने छिन्नीने केले’ हे विधान म्हणूनच मला उलटे वाटते. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी वरून खाली कोरत आणले. वरून खाली कोरणाऱ्याला चूक सुधारण्याची सोय नसते. शिखर कोरताना पायथ्याचा खडक कसा निघेल याचा भरवसा असावा लागतो. तो भरवसा खडकाच्या अभ्यासावाचून येत नाही. अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यात छताचा खडक निसटला आणि कारागिरांना छत अधिक उंच नेऊन काम पुढे चालवावे लागले, असे अभ्यासक सांगतात. छिन्नी येथे शिष्य होती, दगड गुरू होता. बीबीच्या मकबऱ्याचा संगमरवर वाखाणताना आपण विसरतो की त्याच्या भिंतींचा फार मोठा भाग याच काळ्या दगडाचा आहे. वर गिलावा आहे म्हणून तो दिसत नाही इतकेच.

पावसाळा संपल्यावर मी दहा-बारा विद्यार्थी घेऊन पुन्हा त्याच वाटेने गेलो. खांब नव्हते. ते होते तेथे हिरवट पाण्याचे डबके होते आणि डबक्यात आभाळ. वाटेवर मात्र नवी खडी पसरलेली होती, चांगली घट्ट, निळसर काळी. मुले चालत होती, खडी करकरत होती, आणि मी त्यांना काय दाखवावयास आणले होते ते हातवारे करून सांगत होतो. एका मुलीने नम्रपणे विचारले, “सर, फोटो आहे का?” नव्हता.

हा कोणाचा गुन्हा होता? कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच नव्हे. 1957 च्या खनिजविषयक कायद्यात बांधकामाचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू यांना ‘गौण खनिज’ म्हटले आहे आणि त्यांचे नियम करणे राज्यांवर सोपविले आहे. कायद्याला या शब्दाने किमतीची प्रत सांगावयाची आहे, हे मलाही कळते. पण शब्द नुसते कागदावर राहत नाहीत. ते मनात उतरतात. ज्या खडकाने आम्हाला काळी जमीन दिली, ज्याच्या सांध्यांतून आमच्या विहिरींना पाणी लागते, ज्यात वेरूळ आणि अजिंठा कोरले गेले, तो गौण. मग प्रधान काय, हे विचारण्याची सोय कायद्यात नाही.

बरे, स्मारकांच्या कायद्याकडे जावे, तर 1958 च्या त्या कायद्यात गुहा येते, शिल्प येते, एकसंध शिलाही येते. परंतु तिचे महत्त्व ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक असावे लागते आणि वय निदान शंभर वर्षे असावे लागते. वयाची अट आमच्या खडकाने थोडी अधिकच पाळली आहे. अडते ते पहिल्या अटीशी. कारण शास्त्रीय महत्त्व असा शब्द तेथे नाही. 2010 च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत बांधकामास बंदी आली, हे चांगलेच झाले. त्या रेषेपलीकडील टेकडी मात्र, ती देवगिरीचीच सख्खी बहीण असली तरी, गौण खनिज.

अमेरिकेचे कौतुक करण्याची मला हौस नाही. परंतु त्या देशाने 1906 साली प्राचीन वस्तूंच्या रक्षणाचा कायदा केला तेव्हा त्यात ‘ऐतिहासिक किंवा शास्त्रीय’ असे दोन शब्द शेजारी बसविले, आणि त्याच वर्षी त्या कायद्याखाली पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून जे घोषित झाले ते कोणा सेनापतीचे थडगे नव्हे. वायोमिंगमधला ‘डेव्हिल्स टॉवर’ नावाचा, खांबाखांबांनी बनलेला अग्निजन्य सुळका होता. आमच्याकडे त्याचे आप्त शोभेल असे एक स्थळ मुंबईत अंधेरीला आहे: गिल्बर्ट टेकडी. सुमारे दोनशे फुटांचा काळ्या खडकाचा उभा कडा, माथ्यावर गावदेवी. 1952 साली तिला संरक्षण मिळाल्याचे सांगतात. 2007 साली महापालिकेने वारसा म्हणून तिची नोंद केली. दरम्यान भोवतालचा खडक खाणींनी नेला आणि जागा इमारतींनी घेतली. आज ती टेकडी दाखवावयाची तर आधी इमारती चुकवीत गल्ली शोधावी लागते.

माझे एक मित्र, स्थापत्यशास्त्राचे निवृत्त अभियंता, यावर हसून म्हणाले, “खाण नसती तर तुमचे खांब तुम्हाला दिसलेच नसते.” आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. 2021 साली यवतमाळ जिल्ह्यात वणी-पांढरकवडा भागातील शिबला-पार्डी गावाजवळ असेच खांब उघडे पडले, ते रस्त्याच्याच कामात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून कॅव्हान्साइट नावाचे निळेभोर खनिज निघाले, ज्यासाठी जगभरचे संग्राहक झुरतात. पहार लागल्याशिवाय यातले काहीच दिसले नसते. परंतु शिबल्यास पहारीच्या मागोमाग पाहणारा डोळा पोहोचला, आणि आमच्या वाटेवर तो पोहोचला नाही. फरक एवढाच, आणि तो सारा फरक आहे. खाणी बंद करा असे मी म्हणत नाही. मी ज्या घरात बसून हे लिहितो त्याच्या छतात खडी आहे, आणि ती विलायतेहून आलेली नाही. त्या वृद्ध वडाराच्या चुलीचा प्रश्नही मला ठाऊक आहे. छिन्नीची स्तुती करणारे आम्ही त्याच्या हातातील घणाकडे मात्र पाहत नाही, हा त्याच रोगाचा दुसरा भाग.

माझी मागणी लहान आहे. टेकडी खाणीसाठी देण्यापूर्वी भूशास्त्र जाणणाऱ्या एका माणसाने तेथे जाऊन यावे. काम चालू असता वर्षातून दोनदा खाणीचे अंग पाहून, मोजून, छायाचित्र घेऊन नोंद ठेवावी. आणि असे काही निघाले तर शंभर फूट लांबीचा एक कडा सोडून द्यावा. एवढ्याने कोणाचे छत अडणार नाही. ही माणसे आमच्याच विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत आहेत, आणि आपल्या विद्यार्थ्यांना नेण्यासाठी स्थळे शोधत आहेत. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या रक्षणाकरिता एका विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. पुतळ्याच्या उंचीवरून वृत्तपत्रांचे रकाने भरणाऱ्या आमच्या शहरात त्यावर कोणी चकार शब्द काढल्याचे मी ऐकले नाही. मीही काढला नव्हता.

उलट एक मागणी मात्र लगेच आली. मी हा वृत्तांत चार स्नेह्यांना सांगितला, तेव्हा त्यांतील दोघांनी ताबडतोब अर्जाचा मसुदा तयार केला: त्या वाटेवर डांबर घालावे, म्हणजे कुटुंबासह जाता येईल, जमल्यास कठडा, दिवे आणि छायाचित्रांसाठी एक चौथरा. हेतू चांगला, यात शंका नाही. पण डांबराखाली घालावयाची खडी कोठून येणार, हे त्यांनी अर्जात लिहिलेले नव्हते. ती त्याच टेकडीतून येणार. शिवाय गुळगुळीत रस्त्याने मी त्या दिवशी गेलो असतो तर चाक घसरले नसते, मी उतरलो नसतो, आणि तांबडा खडा, भोकांचा खडा, काळा खडा यांची ओळख झाली नसती. शिवारातल्या शेतकऱ्याला माल नेण्यासाठी चांगला रस्ता हवा असेल तर त्याचा हक्क पहिला. तेथे माझे काही म्हणणे नाही. हौशी पाहुण्यांसाठी मात्र ती वाट आहे तशीच पुरे. अर्जावर मी सही केली नाही, त्यामुळे दोन घरी माझा चहा सध्या बंद आहे.

त्या खाणीच्या मागच्या अंगाला, बाभळींच्या आड, आणखी एक कडा आहे. खांब तेथेही असावेत. माती पडल्यामुळे वरचे टोक तेवढे दिसते. येत्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा जाणार आहोत. पुतण्या छायाचित्र घेईल, मुले दोरीला गाठी मारून उंची मोजतील, आणि त्या वृद्ध वडाराला मी सांगून ठेवले आहे की तिकडे पहार लागण्यापूर्वी निरोप धाडावा. त्याने माझा क्रमांक झोपडीच्या दारावर खडूने लिहून घेतला आहे.